१६ वर्षांनी आलेला अल्बम : अ‍ॅव्हलांचेसचा 'वाइल्डफ्लावर' तुम्ही कसा ऐकलात?

रानवारा
मेलबर्नचा अ‍ॅव्हलांचेस हा इलेक्ट्रॉनिक बँड जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, म्हणजे सॅम्पल्स, जोडून गाणी करतो. त्यांचा पहिला अल्बम 'सिन्स आय लेफ्ट यू' २००० साली आला आणि दुसरा, 'वाइल्डफ्लावर', आला थेट जुलै २०१६ मधे. मधली १६ वर्षं नुसत्या बातम्या. येतोय, जवळजवळ झालाय, या वर्षी नक्की वगैरे. शेवटी आला तेव्हा बहुतेकांचा सूर 'छान आहे, पण पहिल्याची सर नाही' असा होता आणि अजूनही विषय निघाला की हेच ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

माझ्या मते 'वाइल्डफ्लावर' जास्त धाडसी आहे. पहिला अल्बम तासभर सलग, उन्हातला, नाचरा, कुठेही सांधा दिसत नाही. दुसऱ्यात सांधे दिसतात आणि ते मुद्दाम दिसू दिलेत. 'बिकॉज आय्म मी'च्या सुरुवातीला जो पोरगा गातो तो आवाज फोकवेज कंपनीच्या १९५९च्या एका रेकॉर्डवरून घेतलाय, ज्यात न्यूयॉर्ककडची सहा मुलं ताल धरून गातात. त्याच्या गळ्यातला कंप तसाच ठेवलाय, स्वच्छ केलेला नाही, आणि मग हनी कोनच्या १९७१च्या गाण्यातले ट्रंपेट वगैरे असे काही धावून येतात की मला दर वेळी अंगावर काटा येतो. उत्तरार्धात अल्बम हळूहळू शांत होतो, शेवटच्या गाण्यात तर कवी डेव्हिड बर्मन नुसता बोलतो.

तर प्रश्न असा, की इतक्या उशिरा आलेला अल्बम आपण त्या वाट बघण्याच्या हिशोबातच ऐकतो का? आणि इलेक्ट्रॉनिकवाल्या बँडांपैकी खऱ्या अर्थाने परत आलं असं कोण वाटतं?

निशाचर
हजेरी लावतो, सविस्तर रात्री. पण 'फ्रँकी सिनात्रा' पहिलं सिंगल म्हणून काढायला नको होतं एवढं आत्ताच नोंदवून ठेवतो.

खारीचा_वाटा
निशाचर +१. १६ वर्षं वाट बघितलेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा ते भोंगेवालं गाणं पडलं तर तो दचकेलच ना.

दर्यावर्दी
का पण? ते गाणं मला फार आवडतं. त्रिनिदादचा जुना कॅलिप्सो गायक विल्मथ हूडिनी, त्याच्या आवाजाशेजारी डॅनी ब्राउन आणि एमएफ डूम हे रॅपर, आणि मधेच 'माय फेवरिट थिंग्ज'ची चाल. कोणाच्या स्वप्नात येईल हे? लोकांना पहिल्या अल्बमचा दुसरा भाग हवा होता, तो मिळाला नाही म्हणून रुसले. डूम २०२० मधे गेला, त्यानंतर तर ते गाणं मी आणखी जपून ऐकतो.

रानवारा, धागा उत्तम. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

जास्वंदी
मी हा बँड ऐकलेला नाही, नवीन आहे. एक प्रश्न, सॅम्पल म्हणजे रीमिक्स का? आणि १६ वर्षं नक्की कशाला लागली? आजारपण की भांडणं?

मोऱ्या_मेलबर्नकर
जास्वंदी, थोडं थोडं सगळंच. रॉबी चेटर, जो यांच्यातला मुख्य जोडकाम करणारा, त्याला ऑटोइम्यून आजार झाला आणि बराच काळ काम बंद होतं. पहिल्या अल्बमचा दुसरा शिल्पकार डॅरेन सेल्टमन मधल्या काळात बँड सोडून गेला, मग चेटर आणि टोनी डी ब्लासी राहिले. शिवाय यांनी इतर कामंही घेतली, इथे मेलबर्नला २०१३ मधे किंग काँगवर मोठं म्युझिकल झालं त्यात यांचं काम होतं. असे महिने आणि वर्षं जातात.

इथली एक गोष्ट सांगतो. पहिल्या अल्बमचा कच्चा माल बराचसा इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतला. ती दुकानं अजून आहेत, गेलं की कोपऱ्यात खोके भरून रेकॉर्ड्स असतात, कोणाच्या तरी आजीच्या घरातून आलेल्या. विनोदी स्किट, हवाईयन गिटार, चर्चचे क्वायर, व्यायामाच्या सूचना, सगळं एकत्र पडलेलं. कोणाला नको असलेलं ते संगीत. ते ढिगारे बघितले की मग 'सिन्स आय लेफ्ट यू' वेगळाच ऐकू येतो, कारण त्यात एवढी माया कुठून आली ते कळतं. मला स्वतःला तोच जास्त आवडतो, रानवाराशी सहमत नाही.

हक्काची_बाई
मी गाण्यांच्या हक्कांच्या कामात आहे (मुंबईत, सिनेमा-जाहिरातींसाठी परवानग्या मिळवणं), तर उशिराचं तिसरं कारण मी सांगते आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठं असावं.

जास्वंदी, रीमिक्स म्हणजे एकाच गाण्याची नवी आवृत्ती. सॅम्पल म्हणजे कोणाच्या तरी रेकॉर्डमधला प्रत्यक्ष तुकडा कापून आपल्या गाण्यात लावायचा. त्या तुकड्यामागे दोन वेगळे हक्क असतात. एक त्या ध्वनिमुद्रणाचा, तो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे. दुसरा चाल आणि शब्दांचा, तो गीतकार-संगीतकार किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. दोन्हीकडून होकार लागतो, एक जरी नाही म्हणाला तरी तुकडा गेला. अमेरिकेत कोणाचं गाणं आपण स्वतः गाऊन रेकॉर्ड करायचं असेल तर ठरलेली रॉयल्टी भरून करता येतं, मालकाला अडवता येत नाही. सॅम्पलला तशी सोय नाही, तिथे प्रत्येक तुकडा म्हणजे स्वतंत्र वाटाघाट. आता विचार करा एका गाण्यात असे वीस तुकडे. कंपनी बुडालेली, संगीतकार वारलेला, वारस तीन देशांत. एकेक पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागतात हो.

'नॉइझी ईटर' या खाण्यावरच्या गाण्यात लहान मुलांचा क्वायर बीटल्सचं 'कम टुगेदर' गातो, त्याला पॉल मॅकार्टनी आणि योको ओनो दोघांचा होकार मिळवावा लागला. आणि त्याच गाण्यात पाहुणा कोण तर रॅपर बिझ मार्की! १९९१ मधे याच बिझ मार्कीविरुद्ध गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याच्या सॅम्पलवरून न्यूयॉर्कला निकाल लागला होता, न्यायाधीशांनी सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. त्या एका निकालाने सॅम्पलिंगचा सगळा धंदा बदलला, त्याआधी लोक बिनधास्त कापत होते. १९९३ मधे त्याने पुढच्या अल्बमचं नावच 'ऑल सॅम्पल्स क्लीअर्ड!' ठेवलं. त्याला या अल्बमवर बोलावणं मला फार मोलाचं वाटतं, ज्याच्या नावावर हे सगळं थांबलं तोच इथे पोट भरून खातोय आणि मजेत गातोय.

जास्वंदी
बाप रे. धन्यवाद ताई, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

निशाचर
हक्काची_बाई, हा प्रतिसाद वेगळा लेख होऊ शकतो. त्यात मॅडोनाही आणा ना.

हक्काची_बाई
आणते! 'सिन्स आय लेफ्ट यू'मधे मॅडोनाच्या 'हॉलिडे'ची बेसलाइन आहे आणि तिने सॅम्पलला परवानगी द्यायची ही पहिलीच वेळ असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. नंतर तीच मॅडोना आरोपीच्या बाजूला. तिच्या 'व्होग'मधे ०.२३ सेकंदांचा एक ब्रासचा ठोका दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून घेतलाय म्हणून खटला, आणि कॅलिफोर्नियाकडच्या अपील कोर्टाने २ जून २०१६ला सांगितलं की एवढ्याशा तुकड्याने हक्कभंग होत नाही. २००५ मधे दुसऱ्या एका अपील कोर्टाने नेमकं उलट सांगितलं होतं, लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. म्हणजे 'वाइल्डफ्लावर' यायच्या महिनाभर आधी अमेरिकेतल्या दोन कोर्टांची दोन मतं झाली. काम करणाऱ्यांनी काय करायचं? आम्ही तरी सगळ्याचीच परवानगी मागतो.

तबकडी_काका
मंडळी, मी सत्तरीकडे झुकलेला माणूस, घरी तबकड्या भरपूर, आणि तुमचा हा अल्बम नातवाने ऐकवला. गोड आहे, नाकारत नाही. पण मला एक सांगा, ज्या वादकाने चार तास स्टुडिओत बसून तो तुकडा वाजवला त्याचं नाव कुठे? लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' २००२ मधे अमेरिकेतल्या एका हिट गाण्यात जसंच्या तसं वाजत होतं, नाव ना बप्पीदांचं ना बाईंचं. कोर्टात जावं लागलं तेव्हा श्रेय मिळालं. हे सर्जन आहे हे मला मान्य व्हायला जड जातं.

दर्यावर्दी
काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्या प्रकरणात राग यायलाच हवा. पण ते वेगळं आणि हे वेगळं. तिथे आख्खा मुखडा उचलून त्यावर गाणं उभं केलं. अ‍ॅव्हलांचेस म्हणजे आजीची गोधडी, कोणाच्या शर्टाची बाही, कोणाच्या साडीचा काठ, आणि ऊब मात्र नवीच.

मोऱ्या_मेलबर्नकर
गोधडीची उपमा 'वाइल्डफ्लावर'ला चालेल, पहिल्या अल्बमला नाही. पहिल्यात ठिगळ ओळखू येतच नाही, तिथे कापडाचं सूत सोडवून पुन्हा विणलंय. साडेतीन हजार सॅम्पल्स हा आकडा सगळीकडे फिरतो पण वही धरून कोणी मोजलं नव्हतं. आपला अल्बम ऑस्ट्रेलियाबाहेर कोण ऐकणार असं वाटून त्यांनी आधी केला आणि परवानग्यांचं नंतर बघितलं, म्हणूनच तो तसा झाला. परदेशी आवृत्तीत काही तुकडे बदलावे लागले. ते निश्चिंत मन दुसऱ्या वेळी मिळणं शक्यच नव्हतं. रानवाराच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, की वाट बघण्याचा हिशोब मी धरत नाही पण तो निर्धास्तपणा ऐकू येत नाही हे खरं.

तबकडी_काका
मोऱ्या, हे पटलं. दर्यावर्दी, तुमचंही अर्धं पटलं. श्रेय मात्र कव्हरवर बारीक का होईना छापावं.

हक्काची_बाई
काका, 'वाइल्डफ्लावर'च्या आतल्या पानावर सॅम्पल्सची श्रेयनामावली छापलेली आहे. परवानगी घेतली की बहुतेक करारांत ते येतंच.

तबकडी_काका
मग उत्तम. नातवाला सांगतो ती बाहेर काढायला.

शेवंता_ऑनलाइन
बादवे 'वाइल्डफ्लावर'वरच्या 'सबवेज'मधला आवाज कोणाचा? चंद्रा नाव वाचलं, आपल्याकडची आहे का कोणी?

रानवारा
नाही, न्यूयॉर्कची. चंद्रा ओपनहाइम, शिल्पकार डेनिस ओपनहाइमची मुलगी. १९८० मधे तिने बँड करून रेकॉर्ड काढली तेव्हा ती १२ वर्षांची होती. आणि तिचा तो थोडा रागीट, थोडा कंटाळलेला आवाज ३६ वर्षांनी इथे एवढा झगझगीत होऊन येतो. मी म्हणतो ते हेच. पहिल्या अल्बममधे आवाज म्हणजे रंग होते. इथे आवाज म्हणजे माणसं आहेत, त्यांना वय आहे. मोऱ्या म्हणतो तो निर्धास्तपणा गेला हे मान्य, पण त्याच्या जागी हे आलं ना.

निशाचर
आलो. रात्रीचा मोठा प्रतिसाद घ्या.

परत येणारे मला तीन जातीचे दिसतात. एक, क्राफ्टवर्क. १९८६ नंतर नव्या गाण्यांचा अल्बम आला तो २००३ मधे, 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स', मधे १९९१ला जुन्याच गाण्यांची नवी रूपं तेवढी. १७ वर्षं! आणि आले तर जणू कुठे गेलेच नव्हते, तीच शिस्त, तोच थंडावा, सायकल आणि श्वास आणि हृदयाचे ठोके. मला तो प्रचंड आवडतो पण त्यात बँड बदललेला नाही, यंत्रं तेवढी चांगली झालीत.

दुसरे डाफ्ट पंक. २००५ नंतर स्टुडिओ अल्बम २०१३ मधे, आणि ज्यांनी आयुष्यभर सॅम्पल्स कापली त्यांनी नाइल रॉजर्स, ओमर हकीम असे जिवंत वादक बोलावून ते जुने आवाज नव्याने वाजवून घेतले. ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर. काकांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर झालं बघा, सॅम्पल करण्यापेक्षा ज्याचं सॅम्पल घेतलं असतं त्यालाच बोलवा. पण मला तो अल्बम फार चकचकीत वाटतो.

तिसरे पोर्टिसहेड, आणि माझं मत यांना. १९९७ नंतर २००८, 'थर्ड'. ज्या मंद, धुरकट आवाजासाठी जग त्यांना ओळखत होतं तो आवाज त्यांनी फेकूनच दिला. 'मशीन गन' लावा, नुसते ठोके, भिंतीवर आपटल्यासारखे, आणि वर बेथ गिबन्सचा तो एकटा आवाज. चाहत्यांना काय हवंय हे माहीत असून ते न देणं, आणि जे दिलं ते त्याहून खोल असणं. याला मी परत येणं म्हणतो. रानवारा, 'वाइल्डफ्लावर' या तिघांत कुठे बसतो? मला तो क्राफ्टवर्क आणि पोर्टिसहेडच्या मधे कुठेतरी अडकलेला वाटतो. आवडतो, पण अडकलेला.

खारीचा_वाटा
बोर्ड्स ऑफ कॅनडा कसे विसरलात? २००५ ते २०१३. रेकॉर्ड दुकानांत गुपचूप एक रेकॉर्ड ठेवली, त्यावर आकड्यांचा संकेत, जगभरच्या चाहत्यांनी तुकडे जुळवले. आणि अल्बम आला तो असा उजाड, कोरड्या पडलेल्या शेतासारखा. परत येताना आनंदी असलंच पाहिजे असं थोडंच आहे.

गिरगावकर
थोडं अवांतर. इलेक्ट्रॉनिक आणि उशिरा परत येणं म्हटलं तर आपल्या मुंबईचे चरणजित सिंग आठवा की! १९८२ मधे एचएमव्हीने त्यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' काढली, भूप, भैरव, ललत असे राग रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर. तेव्हा कोणी हिंग लावून विचारलं नाही. अ‍ॅसिड हाउस म्हणून नाचाच्या संगीताचा जो प्रकार शिकागोतून पुढे आला तो ऐकल्यावर लोकांना ही रेकॉर्ड ऐकून घाम फुटला, तोच आवाज, काही वर्षं आधी. २०१० मधे ती पुन्हा छापली गेली आणि मग सिंगसाहेब उतारवयात परदेशात कार्यक्रम करायला लागले. २०१५ मधे गेले. बँड परत येण्यापेक्षा ऐकणारे परत आले, असं त्या बाबतीत झालं.

दर्यावर्दी
गिरगावकर, हे अवांतर नाही, हेच मुख्य आहे. त्यातला भैरव ऐका रात्री हेडफोन लावून.

तबकडी_काका
चरणजित सिंगांना मी सिनेसंगीतातले वादक म्हणून ओळखत होतो. ही तबकडी माझ्याकडे नाही याचं दुःख आहे.

तानपुरा
सगळा धागा वाचला. अ‍ॅव्हलांचेसच्या तिसऱ्या अल्बमबद्दल कोणीच कसं बोललं नाही? 'वी विल ऑल्वेज लव्ह यू', डिसेंबर २०२०. या वेळी चारच वर्षं लागली. त्याच्या कव्हरवर जो धूसर चेहरा आहे तो अ‍ॅन ड्रूयन यांचा, फोटोचं आवाजात रूपांतर करून पुन्हा चित्र केलेलं. व्हॉयेजर या दोन अवकाशयानांवर १९७७ मधे ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या त्यांच्या कामात ड्रूयन होत्या, त्याच दरम्यान त्या आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन प्रेमात पडले, आणि त्या दिवसांतल्या ड्रूयन यांच्या मेंदूच्या लहरीही त्या तबकडीवर नोंदलेल्या आहेत. अल्बम त्याच गोष्टीभोवती फिरतो.

आणि आता आपला धागा. त्याच तबकडीवर सूरश्री केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो', भैरवी. गोव्यातल्या केरीच्या बाई, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ५५ भाषांतल्या शुभेच्छांमधे मराठीही आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, त्याच वर्षी. मेलबर्नच्या बँडचं कव्हर बघताना मला त्या साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकू येते, आणि वाटतं की यांना सॅम्पलिंगचा अर्थ पहिल्या दिवसापासून कळलेला होता. गेलेल्या माणसाचा आवाज जपून दुसऱ्यापर्यंत पोचवायचा. 'वाइल्डफ्लावर' नसता तर हा तिसरा झालाच नसता, कारण पाहुण्या गायकांबरोबर काम करायला ते तिथे शिकले.

शेवंता_ऑनलाइन
डोळ्यात पाणी आलं हे वाचून. केसरबाई लावते आता.

मोऱ्या_मेलबर्नकर
तानपुरा, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. तसं बघितलं तर 'वाइल्डफ्लावर'बद्दल माझं मत थोडं हलतंय. इथे तो आला तेव्हा पहिल्या नंबरवर गेला होता, पण मी तेव्हा शंका घेऊनच ऐकला.

निशाचर
मी मत हलवणार नाही. 'थर्ड' वरच. पण 'वाइल्डफ्लावर'मधलं शेवटचं 'सॅटर्डे नाइट इनसाइड आउट' आत्ता पुन्हा ऐकलं. बर्मन २०१९ मधे गेला हे माहीत असताना त्याचा तो सपाट, कुठेही जोर न देणारा आवाज... हे गाणं वेगळं काढतो, त्याच्याशी तुलना नको.

जास्वंदी
मी दोन्ही ऐकले. क्रम उलटा झाला, आधी 'वाइल्डफ्लावर' आणि मग पहिला. मला तर कसलीच वाट बघायला लागली नाही त्यामुळे रानवारांच्या प्रश्नावर माझं उत्तर कदाचित उपयोगी पडेल. मला 'वाइल्डफ्लावर' जास्त आवडला. पहिला अल्बम ऐकताना मी घरातली कामं करत होते आणि तो सुंदर वाजत राहिला. 'वाइल्डफ्लावर' ऐकताना हातातलं काम थांबत होतं, विशेषतः तो सुरुवातीचा मुलगा आणि 'कलर्स'मधले ते उलटे वाजल्यासारखे आवाज. मधलं ते खाण्याचं गाणं मात्र मी पुढे ढकललं, हक्काची_बाई रागावू नका.

हक्काची_बाई
अजिबात नाही, पण पुन्हा एकदा ऐक गं, मुलांच्या क्वायरसाठी तरी!

रानवारा
जास्वंदी, नेमकं असंच कोणीतरी हवं होतं मला. मोऱ्या, निशाचर, बघा, ज्यांनी वाट बघितली नाही त्यांना तो सरळ ऐकू येतो. आता तिसरा ऐका आणि त्यातलं 'इंटरस्टेलर लव्ह' कसं वाटतं सांगा, त्यात अ‍ॅलन पार्सन्स प्रोजेक्टच्या 'आय इन द स्काय'चा तुकडा आहे आणि लिऑन ब्रिजेस गायलाय. काका, ती मूळ तबकडी तुमच्याकडे नक्की असणार.

तबकडी_काका
आहे. रविवारी दोन्ही लागोपाठ लावतो आणि कळवतो.